बसून राहिलेले आप्पा

आप्पांना दुकानात बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जळकोटच्या बाजारात आमच्या घरासमोर त्यांचं कापडाचं दुकान. गादी गिऱ्हाइकांसाठी, आप्पा गळ्यात टेप अडकवून दिवसभर उभे. "बसल्या माणसाला दारातलं गिऱ्हाईक दिसत न्हाई, मास्तर," असं ते मला ऐकवायचे. मी शाळेत खुर्चीवर बसून शिकवतो, याची त्यांना पक्की खबर होती.

नळाला पाणी येईना, तेव्हा आप्पा नगरपंचायतीला उभे राहिले. बॅनरच्या फोटोसाठी फोटोवाला म्हणाला, "हसा की." आप्पा म्हणाले, "पाणी आल्यावर हसतो." बॅनरवर ते गावावर रुसल्यासारखे दिसत. तरी निवडून येणार, असंच सगळे धरून चालले होते.

प्रचारात त्यांनी पाण्याच्या टाकीपुढे धरणं धरलं. तिथे एका वृत्तवाहिनीचा फोन आला. निवेदिकेनं विचारलं, "सध्या आपण काय करताय?"

"टाकीपुढं लोकायसंगं बसून राहिलो."

आमच्याकडे याचा अर्थ 'बसलो आहे' एवढाच. संध्याकाळी पडद्यावर टाकीही नव्हती आणि लोकही नव्हते. रुसलेला फोटो तेवढा होता आणि खाली पट्टी फिरत होती: 'गावाला पाणी नाही, मी बसून राहिलो! उमेदवाराची कबुली.'

दूरच्या लोकांना आमची बोली कळली नाही, हे एक वेळ चालेल. पण 'चहा पिऊन राहिलो' म्हणणारे आमचेच लोक हॉटेलात हसत होते. धरण्याला आप्पांच्या मांडीला मांडी लावून बसलेला शेजारी मला म्हणाला, "पर मास्तर, टीव्हीवर त्येंच्याच तोंडानं बोल्ले की!" मला त्याचा मनस्वी राग आला.

खुलासा करा म्हणून मी आप्पांच्या मागे लागलो. "आपली भाषा आपल्याच माणसाला समजावून सांगू व्हय?" म्हणाले आणि कापड फाडायला लागले.

आप्पा पडले. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीसारखं उघडलं. फक्त बोलता बोलता ते अडायला लागले. वाक्य आधी मनात तपासून मग बाहेर काढायचे.

पुढे माझी लातूरला बदली झाली. गेल्या दिवाळीत फोन केला. "काय करून राहिलात, आप्पा?"

पलीकडून बातम्या वाचाव्यात तसा आवाज आला, "मी जेवण करीत आहे, सर. आपण कसे आहात?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कोण होतं?"

आप्पा होते, असं काही मला म्हणवेना.