कडेचे आकडे

हस्तलिखिताचा आधार द्यायचा तर पोथी कोणाकडे आहे, पान कितवं, पुढची बाजू की मागची, एवढं सगळं तळटीपेत हवं, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकहून एसटीने दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागायतदारांकडे जायची. त्यांच्याकडे पणजोबांच्या हातची, सुट्या पानांची पोथी होती. बाबा, म्हणजे ते बागायतदार, हातपाय धुतल्याशिवाय तिला शिवू देत नसत. मी मजकूर वहीत उतरवायची, पानाच्या कडेला असलेला आकडा टिपायची. निघताना बाबा पिशवीत द्राक्षं कोंबायचे. माझा फार जीव होता त्यांच्यावर.

प्रबंध टाइप झाल्यावर शेवटचं पडताळायला गेले. बाबांनी मोठ्या कौतुकाने पोथीचं फडकं सोडलं. आत जाड पुठ्ठ्याचं, गुळगुळीत कडांचं पुस्तक!

"नाशकातून बांधून आनली. तुमचे सायेब बघाया आले तर चांगली दिसंल."

बाइंडरने शाळेच्या वह्यांसारखी पोथी मशीनखाली धरली होती. कडांबरोबर सगळे आकडे गेले. माझ्या शंभरावर तळटीपा, आणि पडताळायला पोथीत एक आकडा नाही! माझं डोकंच फिरलं. नको नको ते बोलले. बाबा खाली मान घालून ऐकत राहिले. परतीच्या एसटीत मला स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी तळटीपेत लिहिलं : 'बांधणीत आकडे कापले गेले, पानांचे क्रमांक संशोधिकेच्या वहीनुसार.' तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, म्हणून बाबांनाही आग्रहाने बोलावलं. ते इस्त्रीची टोपी घालून मागच्या बाकावर बसले.

परीक्षकांनी नेमकी तीच तळटीप काढली. "नुसत्या वहीवर कसा विश्वास ठेवायचा? पोथी बांधायला कोणी सांगितलं?"

"मीच," मी म्हणाले.

मागे बाक सरकलं. "नाय सायेब, खोटं बोलती ती. म्या बांधली, तिला न इचारता. पन तिनं एकेक आकडा वहीत उतरवला तवा म्या शेजारी बसेल व्हतो."

परीक्षकांनी चष्मा काढला. मला म्हणाले, "साक्षीदार म्हणून यांचं नाव तळटीपेत घाला. मग वही चालेल."

बाबांची एकच अट होती, पोथी त्यांनीच बिघडवली हेही नावापुढे यावं. मी साफ नाही म्हणाले. दोघेही हट्टाला पेटलो, आणि शेवटी छापलं गेलं ते त्यांच्याच मनासारखं.