साफ केलेला सूर

"सूर लागला की निघते मी," असं वहिनी म्हणायच्या आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवायच्या. मग चष्मा. मग केसांतल्या पिना, एकेक करून डबीत. पाहणाऱ्याला वाटावं, बाई दवाखान्यात एक्स-रे काढायला निघाल्या आहेत. प्रत्यक्षात त्या घरातल्याच सतरंजीवर उताण्या पडायच्या, कानात वॉकमनच्या वायरी घालायच्या आणि डोळे मिटायच्या. देह तिथेच राहायचा. त्याला तिथे ठेवून त्या निघायच्या.

तुम्ही हसाल. मीही हसलो होतो, आणि तोंडावर हसलो होतो. त्यांनी मनावर घेतलं नाही. "हसा भाऊजी. तुमच्या दुकानात रेडिओतून मुंबई बोलते, तवा मी हसतो का?"

बोरी अरबला बाजाराच्या ओळीत माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान, मागे घर, आणि घराच्या भिंतीला भिंत लावून वहिनींचं घर. वहिनी गावातल्या शाळेत कारकून होत्या. घरात त्या आणि म्हातारी सासू. नवरा होता, आणि नव्हताही. त्याचं सांगतो.

तो कृषी सहायक होता. माणूस सज्जन, बोलायला गोड, पेटी बरी वाजवायचा. ढाणकीला नोकरीवर असताना एका भजनी मंडळाकडून जुनी पेटी घेतली होती, तिच्या पट्ट्या सारख्या घासत, जुळवत बसायचा. कपाशीचं नवं बियाणं आलं तेव्हा सरकारी कागद हातात घेऊन बांधाबांधावर फिरून त्यानंच लोकांना ते सांगितलं. मग लागोपाठ वाईट वर्षं आली. कपाशी उभ्या उभ्या लाल पडली. त्या काळात आमच्याकडे सकाळी पेपर उघडायला हात धजत नसे. जीव दिलेल्या अशाच एका शेतकऱ्याच्या घरी हा माणूस भेटायला गेला. अंगणात मेलेल्या मुलाचा बाप बसला होता. तो चिडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, तुमीच सांगतलं होतं ना हे बियाणं?"

घरी येऊन यानं पेटीचा भाता बंद केला. आठ दिवसांनी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा ओट्यावर तसाच ठेवून, यवतमाळच्या बसमध्ये बसला. आमच्या दूधवाल्यानं त्याला लोहाऱ्याला पाहिलं, एमआयडीसीच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीच्या बाकावर. बस, तेवढंच. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला, ज्योतिषी झाले. आमच्या ओळीतल्या प्रत्येकानं नागपूरपासून तिरुपतीपर्यंत त्याला कुठे ना कुठे पाहिलं आणि प्रत्येक वेळी तो दुसराच निघाला.

दोन वर्षांनी वहिनींच्या हाती ते पुस्तक लागलं. यवतमाळच्या बसस्टँडवर घेतलेलं, हिंदीत, कव्हर नसलेलं. माणसाच्या शरीरात एक सूक्ष्म शरीर असतं, ते बाहेर काढून पाहिजे तिथे नेता येतं, असं त्यात लिहिलं होतं. त्यासाठी मन एका जागी बांधावं लागतं आणि बांधायला संगीत चांगलं. शब्द नकोत, नाहीतर मन शब्दांमागे जातं. अंगावर धातू नको. आणि जवळ कुणीतरी राखणीला बसावं, देहाला कुणी हात लावू नये म्हणून. राखणीला आमच्या मंडळी बसायच्या, आयतवारी दुपारी, शाळेला सुट्टी असायची तेव्हा, भाजी निवडत.

संगीताचा पुरवठा माझ्याकडून. आधी मी संतूर दिलं. "बाप्पा, हे ऐकून तर मले किराण्याची यादी आठवते." बासरी दिली, त्यात झोप लागली. सनईचं तर नावच काढू नका म्हणाल्या, साऱ्या गावाची लग्नं डोळ्यांपुढे येतात. मग एका आयतवारी त्यांना कपाटात नवऱ्याची कॅसेट सापडली. पेटी जुळवून झाल्यावर सूर हलतो का ते पाहायला त्यानं घरीच टेप लावून घेतलेली. गाणं नाही, काही नाही. एकच षड्ज, धरून ठेवलेला, अर्धा तास.

त्या आयतवारी वहिनी निघाल्या.

हे मी त्यांच्याच भाषेत सांगतो आहे. माझा विश्वास बसला होता असं नाही. पण उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहून आमच्या मंडळींनी भाजी खाली ठेवली. "पुलापर्यंत गेलती मी," वहिनी म्हणाल्या. "पुढं नाई जमलं."

मग ते दर आठवड्याचं झालं. आपल्याला एसटीनं तास लागत नाही तो रस्ता त्या टप्प्याटप्प्यानं, महिन्यांच्या हिशोबानं चालत होत्या. नवरा ज्या रस्त्यानं गेला तोच रस्ता. लोहाऱ्याच्या त्या बाकापर्यंत पोचायचं आणि तिथून तो उठून कोणत्या बाजूला गेला तेवढं पाहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मी चेष्टा करायचो, "मग काल दुपारी माझ्या दुकानात काय चाललं होतं, सांगा बरं."

"तुमच्या दुकानात कायले येऊ मी? मले तिकडं जाचं हाय."

एकदा म्हणाल्या, वळणावरची बाभूळ तोडली. दुसऱ्या दिवशी मी मालाला यवतमाळला गेलो, तर बाभूळ खरंच तोडलेली. आता एसटीनं येणाऱ्या-जाणाऱ्या कुणीही त्यांना ते सांगितलं असेल. मी स्वतःला तसंच समजावलं. पण त्या खुंटाकडे मी खिडकीतून मान मोडेपर्यंत पाहत राहिलो, हेही खरं.

पुस्तकातली एक गोष्ट मात्र त्या पाळत नव्हत्या. धातूची. घड्याळ, चष्मा, पिना सगळं निघायचं. मंगळसूत्र आणि पायातली जोडवी निघत नव्हती. आमच्या मंडळींनी एकदा भीत भीत विचारलं. वहिनी म्हणाल्या, "पुस्तक लिहिणाऱ्याले काय मालूम? हे काढून गेलं तर ते वळखतीन का मले?" आणि मग हसून, "याच्याच वजनानं मागं पडून राह्यली मी. नाईतर कवाच पोचली असती."

घाई करण्याचं कारण होतं. यवतमाळहून दीर येऊन बसला होता. हरवलेल्या माणसासाठी आपल्याकडे जो विधी करतात तो उरकून टाकायचा, असं त्याचं म्हणणं. पळसाची तीनशे साठ पानं घ्यायची, त्यांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं थांबायचं असतं हे त्यालाही ठाऊक होतं. पण आई थकली होती, तिच्या डोळ्यांदेखत लेकाला गती मिळावी, यात वाईट काय होतं? तो दुष्ट नव्हता. भाऊ गेला हे त्यानं मानलं होतं, इतकंच. वैशाखात पळसाला नवी पानं आली की करू, असं ठरलं.

"तवापर्यंत मी लोहाऱ्याले पोचतो," वहिनी म्हणाल्या. "ते हायेत का नाई ते पाहून येतो. मंग करा काय करायचं ते."

आणि फाल्गुनात कॅसेट कुरकुरायला लागली. दर आठवड्याला घासून फीत झिजली होती. वहिनी ती रुमालात बांधून दुकानात घेऊन आल्या. "मी एमआयडीसीची पाण्याची टाकी पाह्यली, भाऊजी. आता समोरच हाय. एवढी जपून दुसरीवर घेऊन द्या."

मी तेव्हा नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. कॅसेटींचे दिवस संपत आले होते, लोक जुन्या फिती आणून सीडीवर करून मागत होते आणि आवाजातली घाण काढायची विद्या मी नवी नवी शिकलो होतो. नव्या विद्येचा माणसाला माज असतोच. मी फीत लावली, कानाला हेडफोन लावले. सूर सुंदर होता, पण त्यात केवढा कचरा. पंख्याची घरघर, मध्येच कुणी घसा खाकरतंय, भांड्याचा आवाज, कुकरच्या तीन शिट्ट्या. वहिनींना तर एकच सूर हवा होता, पुस्तकात तसंच लिहिलं होतं. मी दोन दिवस बसलो. धान्यातले खडे वेचावेत तसं एकेक वेचून काढलं. खाकरणं माणसाचं असतं, आणि तो माणूस कोण, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलंच नाही. कॅसेट शेवटच्या फेरीत तुटून मशीनमध्ये गुंडाळली गेली, ती ओढून काढून फेकली. कॉम्प्युटरात जागा थोडी, म्हणून मूळ आवाजही पुसला. साफ केलेला तेवढा ठेवला. सीडी दिली आणि वर म्हटलं, "आता ऐका. काचेसारखा सूर आहे."

आयतवारी वहिनी निघाल्या नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर बसल्या.

"शिट्ट्या कुठं गेल्या भाऊजी?"

मी सांगितलं. सांगताना थोडा अभिमानच होता आवाजात. त्यांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाल्या, "पहिल्या शिट्टीले माहे पाय सुटत. दुसरीले हात. तिसरीले मी स्वयंपाकघरात राहो, ग्यास बंद करत. बाहेरच्या खोलीत ते पेटी घेऊन बसलेले. त्यायच्या बाजूनंच मी दारातून निघत होती." उठता उठता म्हणाल्या, "त्या दिवशी वरण-भात होता."

मी मूळ आवाज शोधला. उकिरडा शोधला. पुसलेलं परत आणता येतं असं कुणी म्हणालं म्हणून कॉम्प्युटर घेऊन यवतमाळला गेलो, तिथल्या कॉम्प्युटरवाल्यांनी हात टेकले. शेवटी आमच्या घरी कुकर लावला, तीन शिट्ट्या टेप करून नेमक्या जागी बसवल्या आणि घेऊन गेलो. वहिनींनी डोळे मिटून ऐकलं.

"हा आमचा कुकर नाई."

मग त्यांचाच कुकर मागितला. त्या कसनुशा हसल्या. "त्याचं रबर बदललं ना मागल्या वर्षी. शिट्टीबी नवी हाय." मी म्हटलं, "वहिनी, माझ्यामुळे झालं." त्या म्हणाल्या, "तुम्ही चांगल्यासाठीच केलं." त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

वैशाखात पळसाची पानं आली.

विधीला मी गेलो होतो. नदीकाठी दिरानं पानं मांडली, कोवळी, अजून तुकतुकीत. म्हातारी नातेवाइकाच्या आधारानं उभी होती, आणि नारळ ठेवला तेव्हा तिनं त्यावरून हात फिरवला, लेकाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. वहिनी मागे बायकांत होत्या. पानं ओली, लवकर पेटेनात. धूर फार झाला, तेवढं बरं झालं, कुणाचे डोळे कशानं ओले आहेत ते कळत नव्हतं.

तेराव्यानंतर त्या दुकानात आल्या. गळा मोकळा, पाय मोकळे. सीडी काउंटरवर ठेवली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आता पुस्तकात लिहेल हाय तसं झालं, भाऊजी. अंगावर धातू नाई राह्यला. आता कुठंबी जाता आलं असतं."

मी सीडी उचलून खणात ठेवली.

सासू त्या पावसाळ्यात गेली. वहिनींनी बदली मागून घेतली आणि भावाच्या गावी निघून गेल्या. जाताना आमच्या मंडळींना कुकर देऊन गेल्या. तो आम्ही कधी वापरला नाही.

हल्ली दुकानात कुणी जुनी कॅसेट घेऊन आलं की मी आधी विचारतो, यातलं काय काढायचं नाही? लोकांना प्रश्न कळत नाही. मग मी काहीच काढत नाही, घरघरीसकट देतो. काम चांगलं नाही अशी तक्रार येते.

वहिनींची सीडी माझ्याकडेच आहे. एखाद्या आयतवारी दुपारी मी ती लावतो. सूर खरोखर सुंदर आहे, अर्धा तास कुठे म्हणून हलत नाही. शिट्ट्या कुठे होत्या त्या जागा मला पाठ आहेत. पहिली जागा येते, दुसरी येते. तिसरीच्या आधी मी ती बंद करतो.