सहावा प्रदेश, चौथा टप्पा, जीव सत्तेचाळीस

५ सप्टेंबर २०२४ रोजी मी बासितभाईंना एकशे वीस रुपये आगाऊ दिले आणि पावती मागितली. पावतीची पद्धत त्यांच्याकडे नाही. त्यांनी एका रिकाम्या डबीवर माझे आडनाव, सांडू, लिहिले, खाली तारीख घातली आणि डबी टेबलाच्या काचेखाली ठेवली.

औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत त्यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल आणि गिऱ्हाइकाला बसायला पायरी. चौदाव्या वर्षी ते वडिलांच्या शेजारी बसले, आज अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. जावयाला घड्याळ दिल्याशिवाय लग्न होत नसे, त्या काळात लग्नसराईत त्यांना जेवायला उसंत मिळत नव्हती. आता दिवसाकाठी पाच-सहा सेल आणि एखाद-दोन पट्टे, एवढेच काम उरले होते.

मी मात्र घड्याळ घेऊन गेलो नव्हतो. माझी मुलगी प्रेरणा पुण्याला असते. ती पाचवीत असताना माझ्या मेहुण्याने मस्कतहून तिच्यासाठी हातात धरून खेळायचे गेमयंत्र आणले होते. सोबत एकाच खेळाचे तीन भाग, म्हणजे तीन छोट्या कॅसेट. कंदील घेतलेला एक बुटका माणूस खड्डे, काटे, भिंती ओलांडत उड्या मारत जातो, एवढाच खेळ. पण त्याच्या दुसऱ्या भागाने तिच्या चार उन्हाळी सुट्ट्या खाल्ल्या. खेळणारा कुठवर पोचला याची नोंद कॅसेटमध्येच राहते आणि ती आतल्या एका सेलवर तगते. सेल संपला की नोंद गेली. यंदा दिवाळीला आपल्या लेकीला शेजारी बसवून प्रेरणाला तिथूनच पुढे खेळायचे होते. फोनवर तिने दोनदा बजावले, "पप्पा, सेल बदलून घ्या, पण आतलं पुसलं जाता कामा नये."

यंत्र आणि त्या दुसऱ्या भागाची कॅसेट पुढे ठेवून ते मी बासितभाईंना सांगितले. आधी नव्या सेलचा आधार द्यायचा आणि मगच जुना काढायचा, हे त्यांना लगेच समजलेही.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला, "साहेब, जरा येऊन जा."

गेलो तर त्यांनी स्टूल मला दिले आणि स्वतः उभे राहिले. "सांडूसाहेब, बिटियाचा खेळ माझ्या हातून गेला."

मेलेला सेल पाझरला तर यंत्र खातो, म्हणून घड्याळ उघडले की पहिल्यांदा सेल काढायचा, ही त्यांच्या वडिलांची शिकवण. चव्वेचाळीस वर्षे हात तेच करत आले. कॅसेट उघडली तेवढ्यात कोणी पट्ट्याचा भाव विचारला. त्यांनी मान वर करून भाव सांगितला. मान खाली घातली तेव्हा सेल चिमट्यात होता.

"सेल आपोआपच संपला म्हणाला असतात, तर मला काय कळणार होतं?" मी म्हणालो. मला राग आला होता.

"नसतंच कळलं. पण मग पुढचं घड्याळ कोणत्या हातानं उघडू?"

कोणतीही वस्तू दुरुस्तीला देण्याआधी मी तिचा फोटो काढून ठेवतो. या वेळी यंत्राच्या पडद्यावरची नोंदही घेतली होती. सहावा प्रदेश, चौथा टप्पा, जीव सत्तेचाळीस. तो फोटो मी दाखवला. बासितभाईंनी डोळ्याला भिंग लावून तो पाहिला.

"बिटिया कधी येणार?"

"सव्वीस ऑक्टोबरला."

"यंत्र इथंच राहू द्या. इथपर्यंत मी आणून देतो."

"तुम्ही असलं कधी खेळलात का?"

"नाय. घड्याळं तरी कुठं पोटातून शिकून आलो होतो?"

पाचच्या आणि सूर्यास्ताच्या नमाजामधला वेळ त्यांनी खेळाला दिला. पहिले आठ दिवस कंदीलवाला पहिल्याच खड्ड्यात पडत होता. ऑफिसातले हिशेबाचे काम आटोपून पुंडलिकनगरला घरी जाताना मी डोकावत असे. एकदा त्यांच्या पत्नी तबस्सुमभाभी डबा न्यायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "देखो भाईसाब, लोगां के मियाँ इस उमर में हज का फॉर्म भरते, हमारे गड्ढे में कूद रे!"

"कूद नहीं रा, लाँघ रा हूँ," बासितभाई मान न उचलता म्हणाले आणि पडले.

मग एक दिवस त्यांनी खेळ ओळखला. "हे फिरतं पातं बघा, बरोबर तीन सेकंदांनी येतं. सेकंदकाट्यासारखं आहे सगळं. आपण उगंच घाबरून उड्या मारतो." समोर एक घड्याळ मांडून ते उड्या मोजू लागले आणि दोन आठवड्यांत पाचव्या प्रदेशात पोचले.

त्यांना खेळताना पाहून मोनिका नावाची इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी पायरीवर थांबली. तिच्याकडे असलेच एक जुने यंत्र बटण रुतून पडले होते. बासितभाईंनी ते साफ करून दिले. तिने होस्टेलवर सांगितले, त्यांनी आणखी कुणाला. दसऱ्याला टेबलाच्या खणात चौदा यंत्रे होती आणि प्रत्येक डबीवर नाव होते. "अब्बांनंतर पहिल्यांदाच काही नवं शिकलो," ते मला म्हणाले.

बावीस ऑक्टोबरला ते सहाव्या प्रदेशाच्या चौथ्या टप्प्यावर पोचले. पण जीव एकसष्ट झाले होते.

"राहू द्या की जास्तीचे," मी म्हणालो.

"जास्त दिले तरी चूकच ना? तुम्ही हिशेबवाले, तुम्हीच सांगा." आणि त्यांनी कंदीलवाल्याला मोजून चौदा वेळा खड्ड्यात टाकले. "तौबा. बिचारा काय म्हणत असेल!"

प्रेरणाला काही सांगू नका, ज्याची चूक त्याने सांगावी, असे त्यांचे म्हणणे होते. सव्वीसला संध्याकाळी मी तिला आणि नातीला दुकानावर नेले. बासितभाईंनी सगळे सांगितले. प्रेरणाने यंत्र हातात घेतले, जीव पाहिले, मग नकाशावर मागे मागे गेली.

"चाचा, दुसऱ्या प्रदेशात माझी एक चोरवाट उघडी होती."

बासितभाईंचा चेहरा उतरला. "फोटोत नव्हती बेटा."

"फोटोत दिसतच नाही ती." ती पुढे सरकली आणि चौथ्या प्रदेशात थांबली. "हे काय? इथून वाट कुठं जाते?"

"धबधब्यामागून. भिंत ठोकून बघितली, पोकळ निघाली."

"मला चार वर्षांत नाही सापडली ही!" ती पायरीवर बसली, लेकीला मांडीवर ओढले आणि यंत्र त्यांच्यापुढे धरले. "दाखवा बरं. आणि माझी वाट मी सांगणार नाही हं, ती तुम्हीच शोधायची."

दिवाळीभर मायलेकी खेळल्या. पुण्याला परत जाताना यंत्र आणि कॅसेट प्रेरणा त्यांच्याकडेच ठेवून गेली.

दुसऱ्या प्रदेशातली चोरवाट अजून उघडलेली नाही. बासितभाईंकडून ती येणे आहे.