न उतरलेला ससाणा

शिकारी पक्ष्यांचा तो शो मी आतापर्यंत पाच वेळा पाहिला आहे. अमेरिकेत, बॉथेलला, आमच्याकडे भारतातून कुणीही आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांना झूमध्ये न्यायचं, असा आमच्या घरचा शिरस्ताच पडला आहे. निवेदकाचे विनोद मला तोंडपाठ आहेत. घुबड कधी डोक्यावरून जाणार, गिधाड कधी दुडुदुडू धावणार आणि पाहुणे कधी टाळ्या वाजवणार, सगळं ठाऊक आहे. गेल्या ऑगस्टमध्ये पाहुणे नव्हते, पण आठ वर्षांच्या मुलीने हट्ट धरला. आठवडाभर ऑन-कॉल राहून मी पार पिचून गेलो होतो. निदान बाकावर बसायला मिळेल, एवढाच विचार करून निघालो.

शेवटी ससाणा सोडला. त्याने मैदानावर एक फेरी मारली आणि हातावर यायचं सोडून समोरच्या उंच फरच्या झाडावर जाऊन बसला. प्रशिक्षक मुलीने शिट्टी वाजवली, कातडी हातमोज्यात मांसाचा तुकडा धरून हात उंच केला. ससाण्याने बघितलं आणि मान फिरवली. निवेदकाने दोन जादाचे विनोद सांगितले, मग सगळ्यांचे आभार मानले. लोक उठले. बाळांचे स्ट्रोलर ढकलत आइस्क्रीमच्या दिशेने गेले.

"बाबा, इज ही कमिंग बॅक?" मुलीने विचारलं.

"येईल गं, थांब जरा," मी म्हणालो आणि बसून राहिलो. उठायचा कंटाळा, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं.

फेब्रुवारीत कराडला माझी आई वारली. मी गेलो नाही. व्हिसाचं नूतनीकरण अडकलं होतं. गेलो असतो तर परत यायला किती महिने लागले असते कुणास ठाऊक, आणि नोकरी तेवढी थांबली नसती. कारण खरं होतं. पण कारणं माझ्याकडे दरवर्षी खरीच असायची.

दहाव्याला भावाने घाटावरून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे दहा, इकडे रात्रीचं जेवण नुकतंच आटोपलेलं. मी फोन ओट्यावर डब्याला टेकवून उभा राहिलो. पिंड मांडलेले आणि उंबरावर सात-आठ कावळे, पण एकही खाली येईना. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आपल्याकडे मानतात. मग एकेकाने हात जोडून आईला शब्द द्यायला सुरुवात केली. मामा म्हणाले, तुझ्या धाकट्या लेकीचं लग्न आम्ही लावून देऊ. भाऊ म्हणाला, घर मोडणार नाही. कावळे ढिम्म. तासाभराने भावाने फोन पिंडांकडे वळवला आणि म्हणाला, "आता तू बोल, दादा. तुला माहितीये तिला काय हवं होतं."

मला माहीत होतं. कराडच्या घरात वरची खोली तिने माझ्यासाठी ठेवली होती. मी कायमचा परत येणार म्हणून. गुडघे दुखत असतानाही दर रविवारी जिना चढून ती खोली झाडायची, गाद्यांना ऊन द्यायची. दोन वर्षांपूर्वी फोनवर हसत म्हणाली होती, "येणार नसशील तर तसं सांग बाबा. म्हणजे मी जिना चढायची थांबते." मी म्हणालो होतो, "पुढच्या वर्षी नक्की, आई." माझं अमेरिकेतलं घर तेव्हा घेऊन झालं होतं.

दहाव्याच्या दिवशीही मी फोनकडे बघून एवढंच म्हणालो, "आई, सगळं नीट होईल." कावळा आला नाही. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. तेव्हापासून भाऊ माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

आता या फरसमोर बसून, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नसताना, मी पुटपुटलो, "आई, दिवाळीला येतो, मग ठरवू." ससाणा पाठ करून पिसं साफ करू लागला. त्यालाही ते पटलं नसावं.

अर्धा तास गेला. प्रशिक्षक मुलगी तशीच उभी होती. मोज्याचा हात भरून आला तेव्हा तिने दुसऱ्या हाताने कोपराला आधार दिला. मी कठड्यापाशी जाऊन इंग्रजीत विचारलं, थोडा वेळ हात खाली का घेत नाहीस?

"तो दिसतोय तोवर नाही घेता येत," ती म्हणाली. "मी हात खाली घेतला आणि तो नेमका तेव्हाच निघाला तर? उडून दूर गेला असता तर केव्हाच खाली घेतला असता." एवढं बोलून ती पुन्हा वर बघू लागली.

मला तिथे उभ्या उभ्या लाज वाटली. मी आईकडे धड आलो नाही आणि धड उडूनही गेलो नाही. दर वर्षी तिला दिसत राहिलो.

माझ्या मुलीला भूक लागली होती. आम्ही निघालो तेव्हा ससाणा फांदीवरच होता.

संध्याकाळी आठला, तिकडे सकाळ झाल्यावर, त्याच ओट्यापाशी उभं राहून मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "बोल, काय काम होतं?"

"वरची खोली भाड्याने दे," मी म्हणालो. "मी राहायला येणार नाही. कधीच नाही."

मला वाटलं आता चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बरं," तो म्हणाला. "आधी झाडून घ्यावी लागेल, दादा. ती गेल्यापासून वर कुणी गेलेलंच नाही."