कणी राहिलेला भात

बी. ए. झालो आणि पौडच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. आमच्या घरात त्याआधी कुणाला सहीसुद्धा येत नव्हती. त्यामुळे मी जरा ताठच चालायचो, आणि त्यात मला गैर काही वाटत नव्हतं.

त्याच वर्षी पुण्याचं एक स्थळ आलं. मुलगी बघायला गेलो, तर तिनंच मला विचारलं, "मुलांना शिकवता, की नुसती छडी दाखवता?" मला ती तिथंच पसंत पडली. तिच्या वडिलांचं मात्र ठरत नव्हतं. ते कारखान्यात सुपरवायझर. खेड्यातला जावई चारचौघांत कसा वागेल, याची त्यांना काळजी. त्यांनी मला आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅम्पातल्या एका इटालियन हॉटेलात जेवायला बोलावलं. ही परीक्षा आहे हे मला कळत होतं. पण परीक्षांना मी कधी घाबरलो नव्हतो.

कासार आंबोलीहून आम्ही दुपारच्याच एसटीनं निघालो. हॉटेलात टेबलावर पांढरी चादर, एकेका माणसापुढं तीन-तीन चमचे. आधी मॅकरोनी आली. पिठाच्या नळ्या, ना मीठ ना तिखट. मग भात आला. भात बघून आबा जरा सैल बसले. आम्ही भात पिकवणारी माणसं. पण पहिल्याच घासाला कळलं, कणी राहिलीय. वेटरला विचारलं, तर म्हणाला, "इटलीत असाच खातात. आपल्याला सवय नसेल." त्या एका ताटाच्या किमतीत आमचं घर आठवडाभर जेवलं असतं.

आबांच्या तोंडात चार दाढा उरलेल्या. ते एका बाजूनं चावत होते, डोळ्यांत पाणी आलेलं, तरी मान हलवून म्हणत होते, "लई झ्याक हाय." पाहुणचाराला नावं ठेवायची नाहीत, ही आमच्याकडची रीत.

मुलीचे वडील खूश झाले. वेटरला म्हणाले, "यांना अजून वाढा."

"नको," मी म्हणालो. "भात कच्चा आहे. आबांना चावत नाही."

आबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. मुलीच्या वडिलांनी रुमालानं तोंड पुसलं आणि बिल मागवलं.

परतीच्या गाडीत आबा म्हणाले, "बी. ए. झालास, पर सोयऱ्याम्होरं कसं बोलावं ह्ये न्हाई शिकलास. गेली ही सोयरीक."

"गेली तर गेली," मी म्हणालो. मुलगी मात्र मला मनापासून हवी होती.

आठ दिवसांनी होकाराचं कार्ड आलं. असं कसं झालं, ते लग्नानंतर बायकोनं सांगितलं. त्या दिवशी तिचे वडील, ज्यांना ती दादा म्हणायची, घरी येऊन म्हणाले होते, "मुलगा शिकलेला आहे, पण उद्धट आहे. जेवायला घातलं तर तोंडावर म्हणतो, भात कच्चा आहे."

हिनं विचारलं, "होता का कच्चा?"

"होता."

"तुम्ही खाल्लात?"

"खाल्ला."

"मग आमच्या घरात खरं बोलणारं एक तरी माणूस येऊ द्या की, दादा."