वांदरमास्तरांचं सुतक

वांदरमास्तरांना जगात परकं असं कुणी नव्हतंच. भिंतीवर पाल दिसली की शिकवणं थांबवून ते तिला म्हणत, "या मावशी, बसा." वर्गात वटवाघूळ शिरलं की आम्ही पाट्या डोक्यावर धरून पळायचो आणि मास्तर पाहुण्याला वाट दाखवावी तसे अदबीने त्याला खिडकी दाखवायचे. वेडे नव्हते हो. त्यांच्यासारखं गणित शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. फक्त नाती जोडण्याचा सोस भारी.

आमचं गाव तापीकाठचं, शहाद्याच्या अलीकडे. एकशिक्षकी शाळा मारुतीच्या देवळाला लागून. मास्तर पुण्याकडचे, एकटेच, बायको ना मूल. माझे वडील गावचे न्हावी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. मास्तर स्वतः घरी येऊन मला शाळेत घेऊन गेले होते. न्हाव्याच्या पोरीला पाटी मिळाली म्हणून नानांचा त्यांच्यावर फार जीव.

त्यांचा आवडता धडा पुस्तकात नव्हता. ते आम्हाला हाताचे पंजे समोर धरायला लावत. देवळाच्या ओवरीत मेलेलं एखादं वटवाघूळ सापडलं तर त्याचा पंख पसरून त्यातली बोटं दाखवत. "फार पूर्वी सगळं एकच घर होतं," ते सांगत. "मग वाटण्या झाल्या. माशाने पाणी घेतलं, पाखराने आभाळ, वानराने झाड. आपल्या वाट्याला चूल आली. चूल मिळाली म्हणून घर काही आपल्या एकट्याचं होत नाही." शेतकऱ्यांच्या पोरांना वाटणी वेगळी समजवावी लागत नाही. रोज कुणाच्या तरी बांधावर तेच भांडण चालू असायचं.

मास्तरांचा एकच शौक म्हणजे केस. दाट, कुरळे, मधोमध भांग पाडलेले. गावात सगळ्यांची डोकी पागोट्याखाली झाकलेली, आणि मास्तर मात्र उघड्या डोक्याने मिरवायचे. नाना त्यांचे केस कापायला बसले की कात्री कमी चालायची आणि मास्तरांच्या सूचना जास्त. आरसा दहा वेळा मागून घेत. एवढा शिकलेला माणूस, पण आरशापुढे पार नवरदेव व्हायचा. मला त्याचं हसू यायचं आणि ते मला फार आवडायचंही.

एकदाच त्यांना शिकवताना उदास झालेलं पाहिलं. गावातली म्हातारी माणसं सांगत की त्यांच्या लहानपणी माळावर चित्ता दिसायचा, आता कुठे दिसत नाही. मास्तर म्हणाले, "घरातलं माणूस गेलं, आणि कुणी सुतकसुद्धा धरलं नाही." मग त्या दिवशी त्यांनी आम्हाला लवकरच घरी सोडलं. आम्हाला वाटलं, त्यांचं डोकं दुखतंय.

पोरं असल्या गोष्टी घरी अर्धवटच नेतात. वानर आपला चुलतभाऊ आहे, एवढंच घरोघर पोचलं. दगाजी बापू म्हणजे गावातले सगळ्यात मोठे केळीवाले आणि मारुतीचे मोठे भक्त. ते पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "मन्हा आजाले शेपूट नव्हती. मास्तरना आजाले ऱ्हाई ते माले माहीत नही." वांदरमास्तर हे नाव त्या दिवशी पडलं, आणि ते कौतुकाने पडलं नव्हतं. बापूंनी आपली नातवंडं शाळेतून काढली. भाऊबंदांनी तेच केलं. शाळा अर्धी रिकामी झाली. आणखी थोड्या पाट्या कमी झाल्या असत्या तर शाळा बंद, मास्तरांची बदली, आणि मी पुन्हा नानांची पाण्याची वाटी धरायला. मी रोज मारुतीला मास्तरांसाठी नवस बोलायचे. मास्तरांना कळलं असतं तर रागावले असते.

अशात एका शनिवारी बापूंच्या केळीबागेत वानरांची टोळी शिरली. राखणदाराने गोफण फिरवली. दगड थोरल्या वानराच्या कानशिलावर बसला. ते कसंबसं देवळापर्यंत आलं आणि मारुतीसमोरच्या ओट्यावर मरून पडलं.

आमच्याकडे वानर गेलं की त्याची माणसासारखी तिरडी बांधतात, गुलाल उधळतात. जो अग्नी देतो त्याने सुतक धरायचं आणि दहाव्याला वस्तऱ्याने डोकं काढायचं. गाव म्हणालं, ज्याचा दगड त्याचं सुतक. पण बापूंच्या दारात नातीच्या लग्नाचा मांडव पडला होता. सुतक घरात शिरलं की लग्न मोडल्यातच जमा. अखेर तिरडी शाळेपुढे आणून बापू मास्तरांना म्हणाले, "तुमी सांगतस ना, वांदर आपला गोतना शे? मंग याले अग्निडाग तुमीच द्या."

त्यात टोमणा होता, पण बोलताना बापूंनी हात जोडले होते. मास्तर समजावून सांगायला निघाले होते, त्यांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांची नजर तिरडीबाहेर लोंबणाऱ्या हाताकडे गेली. काळा, बारीक बोटांचा हात. त्यांनी तो उचलून नीट आत ठेवला आणि हातातला खडू खाली टाकला.

"देतो," ते म्हणाले. "पण बापू, एकदा गोत म्हटलं की मागे फिरायचं नाही. याच्या भाऊबंदांवर पुन्हा गोफण चालायची नाही."

बापूंनी मान डोलावली.

दहाव्याला तापीच्या काठावर मास्तर नानांसमोर बसले. वस्तरा हातात घेऊन नाना तसेच थांबलेले. "मन्हा हात धजत नही, मास्तर."

"नाना, चित्ता गेला तेव्हा कुणीच डोकं काढलं नाही," मास्तर म्हणाले. "एकासाठी तरी काढू द्या."

केस वाळूवर पडत गेले. सगळं झाल्यावर मास्तरांनी सवयीने आरसा मागितला आणि विचारलं, "कसा दिसतो?" नानांना खोटं बोलता येत नसे. "जरासा गोतमधला दिसतस," ते म्हणाले. मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बापूंच्या नातीचं लग्न ठरल्या मुहूर्ताला लागलं. त्यानंतरच्या सोमवारी त्यांची नातवंडं केळीचा घड घेऊन शाळेत हजर, मागोमाग बाकीचीही आली. नाल्याकडची केळीची एक ओळ बापूंनी वानरांसाठी सोडून दिली. कुणी विचारलं तर सांगत, "ती वांदरनी वाटनी शे." मास्तरांचे केस पुन्हा आले, पण पहिल्यासारखे दाट नाही. आरसा मात्र ते तेवढ्याच वेळा मागत.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मास्तर तापाने गेले. मी तेव्हा धुळ्याला मास्तरीण होण्याचं शिक्षण घेत होते. तार मिळाली, पण मी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. मला माझ्या मास्तरांना शेवटचं बघायला मिळालं नाही, ते आजही सलतं. पुण्याहून त्यांचा एक पुतण्या आला होता. दहाव्याला तापीच्या काठावर नानांनी धोकटी उघडली आणि पुतण्याला हाक मारली. तो पुढे यायच्या आत दगाजी बापू काठी टेकत आले. त्यांनी पागोटं उतरवलं, शेजारच्या दगडावर ठेवलं आणि नानांसमोर बसले.

पुतण्या गोंधळला. हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही काकांचे कोण?"

"गोत शे," बापू म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली.

नानांनी त्यांच्या डोक्यावर पाणी लावलं. तोवर बापूंच्या मागे, शाळेत पाट्या घेऊन बसलेली, आता बाप्ये झालेली पोरं पागोटी काढून उभी राहिली होती.