रंग काढलेले फोटो

आमच्या कोर्टात त्याला सगळे 'मुडदेफोटो' म्हणत, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. कोर्टासमोर त्याचा स्टुडिओ. एरवी पासपोर्टचे फोटो, लग्नांचे अल्बम; पोलिसांचा फोन आला की कॅमेरा उचलून निघायचा. तीस वर्षं हेच. घरी परतला की बायको दारातच अडवायची, "आधी हात धुवा, मग पोरांना जवळ घ्या." माणूस मात्र लोण्याहून मऊ. मी तिथला लघुलेखक, त्याच्या साक्षी टाइप करून माझी बोटं झिजली, म्हणून सांगतो. आणि त्या मऊपणानेच घात केला.

सव्वीस वर्षांची एक बाई जिन्याखाली मेलेली सापडली. नवरा म्हणाला, पाय घसरला. याने अडतीस फोटो काढले. खटला उभा राहीपर्यंत सहा वर्षं गेली, तपासणारे डॉक्टर वारले, मागे राहिली त्यांच्या अहवालातली एक ओळ : 'अंगावर अनेक ठिकाणी मुकामार'. मेलेलीची मुलगी आईकडच्या आजीकडे वाढत होती. बाप सुटला तर तिला घेऊन जाणार, हे आजी ज्याला त्याला सांगायची.

आरोपीचे वकील म्हणाले, "असले फोटो पाहून कुणाचंही माथं भडकेल. मोजकेच ठेवा." न्यायाधीशांनी सहा ठरवले. त्यातला पहिला वर धरला आणि पुढच्या बाकावरची आजी तिथेच ओकली. साक्षीला उभा असलेला आमचा शहाणा न विचारता बोलला, "साहेब, रंग काढून देतो. काळ्यापांढऱ्यात एवढं भयंकर दिसत नाही."

आरोपीचे वकील लगेच म्हणाले, "आमची हरकत नाही." तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. सरकारी वकिलांनीही मान डोलावली. त्यांना जेवायची घाई. रंगीत फोटो पाकिटात मोहोरबंद झाले. तो हुकूम मीच टाइप केला, एकही चूक न करता.

युक्तिवादाच्या दिवशी आरोपीचे वकील ते सहा फोटो नाचवत म्हणाले, "सगळे डाग सारखेच काळे. म्हणजे एकाच दिवसाचे, एकाच पडण्याचे!"

मागून मुडदेफोटो ताडकन उठला. "खोटं आहे साहेब! दंडावरचे जांभळे होते, पाठीवरचे हिरवट, खांद्यावरचे जुने, पिवळे पडलेले. तिला कित्येक दिवस मारत होता तो!"

"तुमची साक्ष संपली आहे. खाली बसा."

सरकारी वकिलांनी पाकीट उघडायची विनंती केली. उत्तर मिळालं : हुकूम दोन्ही बाजूंच्या संमतीने झाला आहे. संशयाचा फायदा मिळून नवरा सुटला. कायद्याने कुणाचंच काही चुकलं नाही, याचीच मला जास्त चीड येते.

चार दिवसांनी मी स्टुडिओत बसलो होतो, तर आजी नातीला घेऊन आली. हा हात जोडून उभा राहिला. "आई, तुम्हाला बघवत नव्हतं म्हणून मी..."

"नव्हतंच बघवत. पण मी बघायलाच आले होते ना? मला विचारलंत कधी?"

आजीने नातीला स्टुलावर बसवलं, बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या, मोजे उतरवले.

"उद्या बाप न्यायला येतोय. हात, पाय, पाठ, सगळं काढा. आज हिच्या अंगावर एकही डाग नाही, ते दिसू दे. आणि रंगीत काढा."